कुदळ बाजूला ठेवून भाजीची बाग: न खोदता वाफा कसा जमतो आणि कुठे फसतो

वाफा खोदला की माती भुसभुशीत होते, हे लगेच दिसतं. चार-सहा वेळा जोराचं पाणी पडलं की तीच माती खोदण्याआधीपेक्षाही घट्ट बसते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही; कारण तोवर पुढच्या खोदाईची वेळ झालेली असते. मग आपण म्हणतो, बरं झालं खोदलं, केवढी कडक झाली होती माती! ती कडक कशामुळे झाली होती, हा प्रश्न तसाच राहून जातो.

चांगल्या मातीत कण सुटे नसतात. वाळूचे, पोयट्याचे आणि चिकणमातीचे कण जिवाणूंच्या चिकट स्रावांनी, बुरशीच्या धाग्यांनी आणि बारीक मुळांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. त्यातून मोहरीपासून वाटाण्याएवढे रवे बनतात. रव्याच्या आत पाणी टिकतं. दोन रव्यांमधल्या मोठ्या पोकळीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि हवा आत शिरते. वाफसा म्हणतात तो हाच: मुळांना ओल आणि हवा एकाच वेळी मिळण्याची स्थिती. कुदळीने रवे फुटतात, बुरशीचे धागे तुटतात. सुटे झालेले बारीक कण पाण्याबरोबर खाली उतरून पोकळ्या बुजवतात आणि वर पापुद्रा धरतो. उगवणारं नाजूक बी त्या पापुद्र्याखालीच अडकतं.

मग खोदल्यावर पीक जोमदार का येतं? माती उलटली की तिच्यात एकदम भरपूर हवा जाते. जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते आणि ते साठलेल्या सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात. त्यातलं नत्र मोकळं होऊन पिकाला मिळतं, कार्बन वायू होऊन हवेत जातो. पहिल्या हंगामात पानं गर्द हिरवी दिसतात. पण ही मुद्दल मोडून केलेली चैन आहे. सेंद्रिय द्रव्य दरवर्षी घटत गेलं की रवे धरून ठेवणारा डिंकही कमी होतो, माती आणखी लवकर बसते आणि पुन्हा खोदावं लागतं.

तिसरा मुद्दा तणांचा. मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या तणांच्या बियांचा मोठा साठा असतो. त्यातल्या बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेडाची नुसती झलक पुरते. खोदताना त्या वर येतात आणि आठवडाभरात वाफा हिरवागार होतो. न खोदलेल्या जमिनीत त्या खालीच राहतात, आणि खोलवरच्या बारीक बिया उगवल्या तरी वरपर्यंत पोचत नाहीत.

खोदाईचं काम करायला जमिनीत आधीच मजूर आहेत. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या अनेक जागी वर्षाला एकरी १० टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा अंदाज होता. उभी बिळं करणाऱ्या जाती वरचा पाचोळा खाली ओढून नेतात आणि त्यांची बिळं मीटरभर खोल जाऊ शकतात. पाऊस त्या बिळांतून उतरतो, मुळं त्याच वाटेने खाली जातात. कुदळ फिरली की ही बिळं वरून बंद होतात.

तेव्हा पद्धतीचं सूत्र एवढंच: सेंद्रिय द्रव्य वरून द्यायचं, खाली नेण्याचं काम जमिनीतल्या जीवांवर सोडायचं, आणि वाफ्यावर पाय ठेवायचा नाही. कष्ट मात्र वाचतात असं समजू नका. पहिल्या वर्षी ते कुदळीकडून कंपोस्टच्या ढिगाकडे सरकतात. न खोदता केलेली बाग फसते तेव्हा बहुतेक वेळा कंपोस्टच कमी पडलेलं असतं किंवा खराब निघालेलं असतं.

आच्छादन कशाचं?

या प्रश्नावर जाणकारांतही एकमत नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ साली नांगराच्या गरजेवरच बोट ठेवलं. त्यानंतर तिथेच रूथ स्टाउट यांनी वर्षभर वाळल्या गवताचा सुमारे २० सेंटिमीटर जाड थर ठेवून भाजी पिकवली. जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांनी भाताचा पेंढा त्याच शेतात परत पसरला. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकापासून या पद्धतीने भाजी पिकवणारे चार्ल्स डाउडिंग मात्र पेंढा टाळतात आणि तयार कंपोस्टच वर पसरतात, कारण दमट, थंड हवेत पेंढ्याखाली गोगलगायी लपतात आणि रात्रीत रोपं फस्त करतात.

पुढच्या तिघांचं तत्त्व एक, पांघरूण वेगळं. हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर कंपोस्टवर पाचोळ्याचा किंवा पेंढ्याचा ५ ते ८ सेंटिमीटर थर हवाच. उघडं कंपोस्ट उन्हात दोन दिवसांत कोरडं पडतं. सतत ओल असलेल्या जागी नुसतं कंपोस्ट बरं. वर्षातला काही काळ ओला आणि काही कोरडा असेल तर पेंढा कोरड्या दिवसांत घालावा आणि ओल्या दिवसांत काढून ढिगावर टाकावा. एकाच प्रकारावर अडून बसण्यात काही अर्थ नाही.

आधी हिशेब

वाफ्याची रुंदी १.२ मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. मधली वाट ४० ते ५० सेंटिमीटर. लांबी कितीही चालेल, पण फार लांब वाफा माणसं ओलांडायला लागतात आणि एक पाऊल वाफ्यात पडतंच.

समजा वाफा १.२ बाय २.५ मीटरचा, म्हणजे ३ चौरस मीटर आहे. पहिल्या वर्षी कंपोस्टचा १५ सेंटिमीटर थर हवा. हे झालं ४५० लिटर, १५ लिटरच्या ३० बादल्या. ओलसर कंपोस्टचं वजन अडीचशे ते साडेतीनशे किलो भरेल. पुढच्या वर्षांत ३ सेंटिमीटर पुरे: ९० लिटर, सहा बादल्या. आकडे पाहून छाती दडपली तर वाफा लहान करा, थर पातळ करू नका. दहा वाफ्यांवर तीन-तीन सेंटिमीटर शिंपडलेलं कंपोस्ट तण दाबत नाही आणि पिकालाही पुरत नाही. जमीन आधीच तणमुक्त आणि बऱ्यापैकी असेल तरच पहिल्या वर्षी ५ सेंटिमीटरवर भागतं.

घरचं कंपोस्ट करायचं तर ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढिगाची उष्णता टिकत नाही. ओला हिरवा माल (कापलेलं गवत, भाज्यांचा काडीकचरा, शेण) आणि कोरडा तपकिरी माल (वाळकी पानं, पेंढा, फाडलेला पुठ्ठा) घमेल्याने मोजून साधारण निम्मा-निम्मा घालावा. ढीग बसका आणि ओला वाटला तर तपकिरी वाढवावा. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंब निघतील इतकी ओल हवी. आतलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर काही दिवस टिकलं आणि ढीग तीन-चार वेळा उलटून बाहेरचा माल आत गेला, तर तणांचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ढीग बसत बसत निम्म्याहून खाली येतो, म्हणून एक घनमीटर कच्च्या मालातून ४५० लिटर कंपोस्ट मिळालं तर नशीब चांगलं समजावं.

तयार कंपोस्ट गडद असतं, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि त्यात मूळ वस्तू ओळखू येत नाहीत. हात घातल्यावर गरम लागलं किंवा नाकाला झोंबलं तर ते अजून कच्चं आहे. शंका असेल तर ओलसर कंपोस्ट पिशवीत भरून तोंड बांधा आणि तीन-चार दिवसांनी उघडा. आंबूस किंवा कुबट वास आला तर महिनाभर थांबा.

विकत किंवा मागून आणलेल्या शेणखताची एक परीक्षा अजिबात चुकवू नये. कुरणांवर रुंद पानांच्या तणांसाठी फवारली जाणारी अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं जनावराच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि शेणखतात, कंपोस्टमध्येही बराच काळ टिकतात. पेंढ्यातूनही ती येऊ शकतात. अशा खतात टोमॅटो आणि घेवडा यांची नवी पानं वळून द्रोणासारखी होतात, शेंडा पिळवटतो. चाचणी सोपी आहे. तीन कुंड्यांत ते खत साध्या मातीत निम्मं-निम्मं मिसळा, तीन कुंड्यांत नुसती माती घ्या, सगळ्यांत घेवड्याचं बी टाका. तीन आठवड्यांत दोन्हींमधली पानं सारखी दिसली तर खत वापरा. वाफ्यावर एकदा पसरल्यावर ते परत गोळा करणं जवळजवळ अशक्य असतं.

पहिला वाफा

दिवसाला सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्या. उभं तण आणि गवत जमिनीलगत कापा आणि तिथेच पडू द्या. मुळं उपटू नका. लाकडी खोडाची झुडपं मात्र बुंध्यासकट काढावी लागतात, ती पुठ्ठ्याला जुमानत नाहीत. जमीन कोरडी असेल तर पुठ्ठा घालण्याआधी भरपूर पाणी द्या. हा टप्पा बरेच जण विसरतात. मग पुठ्ठ्याखालची कोरडी माती आठवडेच्या आठवडे कोरडीच राहते आणि गांडुळं वर येत नाहीत.

पुठ्ठा साधा, तपकिरी हवा. चकचकीत, रंगीत छपाईचा किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेला नको. चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाका. पुठ्ठा कुजला तरी पट्ट्या वर्षानुवर्षं मातीत राहतात. एक तुकडा दुसऱ्यावर १५ ते २० सेंटिमीटर चढवा, कारण गवत फट शोधून काढतंच. वाफ्याच्या कडेबाहेरही तेवढाच पुठ्ठा जाऊ द्या. पुठ्ठा पूर्ण भिजवा, पायाने जमिनीला चिकटवा, आणि वर कंपोस्ट पसरा. खाली जरा जाडंभरडं चालेल; वरचे ५ सेंटिमीटर मात्र बारीक, चाळल्यासारखं हवं. फावड्याच्या पाठीने हलकं थोपटून पाणी द्या. वाटेवरही पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा चुरा ५ सेंटिमीटर.

तण हंगामी असेल तर पुठ्ठ्याची गरजच नाही, १५ सेंटिमीटर कंपोस्ट पुरतं. पुठ्ठा कामाचा ठरतो तो बहुवर्षायू गवतासाठी. फळ्यांची चौकटही सक्तीची नाही. ती नीटनेटकी दिसते खरी, पण फळी आणि माती यांच्या फटीत गोगलगायी आयत्या घर करतात.

लागवड त्याच दिवशी करता येते. रोपाच्या मुळांचा गोळा मावेल एवढं भोक हाताने किंवा जाड काठीने पाडा, रोप बसवा, भोवती घट्ट दाबा. १५ सेंटिमीटर कंपोस्टमध्ये पालेभाज्या, कांदा, घेवडा सहज येतात. टोमॅटो, भोपळा यांसारख्या खोल मुळांच्या पिकांसाठी पुठ्ठा तोडायची गरज नसते. तो ओला राहिला तर दोन-तीन महिन्यांत मऊ पडतो आणि मुळं आरपार जातात. गाजरासारख्या सोटमुळाच्या पिकाला मात्र पहिल्या हंगामात थांबवावं. खाली पुठ्ठा लागला की गाजर फाटे फोडतं किंवा आखूड राहतं.

बटाट्याचं काम तर आणखी सोपं. अंकुरलेला बटाटा कंपोस्टमध्ये जेमतेम झाकेल इतका ठेवायचा आणि झाड वाढेल तसा वर पेंढा किंवा कंपोस्ट चढवत १५ ते २० सेंटिमीटर करायचं. उजेड लागला की बटाटे हिरवे पडतात, आणि हिरवा भाग म्हणजे सोलॅनिन नावाच्या विषारी द्रव्याचा इशारा. म्हणून थर विरळ होऊ देऊ नये.

काढणीच्या वेळी झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं. मूळ आत कुजतं आणि त्याची वाट पुढच्या मुळाला आणि पाण्याला मिळते. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला मुबलक नत्र देतात असं बरेचदा सांगितलं जातं. पण शेंगा भरेपर्यंत त्यातलं बहुतेक नत्र वर दाण्यांत आणि पानांत गेलेलं असतं. मुळं ठेवावीतच, पण त्या भरवशावर कंपोस्ट कमी करू नये.

काय बिघडतं

सगळ्यात चिवट शत्रू हरळी आणि लव्हाळा. लव्हाळ्याचं टोकदार पातं ओला पुठ्ठा भोसकून वर येतं, प्लॅस्टिकसुद्धा. जमिनीखालच्या गाठींत त्याची शिदोरी असते. पातं वर येताच, चार-पाच पानं होण्याआधी खुरप्याने कापायचं आणि दर आठवड्याला कापत राहायचं. नवी पानं काढताना गाठीची शिदोरी सरते, आणि पानं टिकली नाहीत तर ती पुन्हा भरत नाही. यात एक पूर्ण हंगाम जातो, कधी दोन. मधे दोन-तीन आठवडे दुर्लक्ष झालं की गाठ परत भरते आणि मोजणी पहिल्यापासून. हरळी बहुधा कडेने घुसते, म्हणून वाफ्याबाहेर हातभर पट्टा कायम पुठ्ठ्याखाली ठेवावा.

पानं पिवळी पडून वाढ खुंटली तर बहुधा नत्र अडकलेलं असतं. कुजवणाऱ्या जीवांना दर २५ भाग कार्बनमागे साधारण एक भाग नत्र लागतं. लाकडाच्या भुशात हे प्रमाण शेकड्यांत जातं, पेंढ्यात ८०च्या आसपास. असा माल मातीवर नुसता पसरला तर नत्र फक्त वरच्या पातळ थरात अडकतं आणि मुळांना फारसा फरक पडत नाही. तोच माल मातीत किंवा कंपोस्टमध्ये मिसळला की जिवाणू मुळांच्या शेजारचं नत्र ओढून घेतात. म्हणून भुसा वाटेवर चांगला, वाफ्यात मिसळलेला वाईट.

आच्छादन खोडाला टेकलं तर खोड कुजतं. भोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी. उष्ण प्रदेशात वाळवी कोरड्या पुठ्ठ्याला आणि पेंढ्याला लागते. तिला कोरडं, मेलेलं लाकूडकाड हवं असतं, त्यामुळे आच्छादन ओलसर ठेवणं आणि जाड फांद्या न घालणं हा पहिला उपाय. घराच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याचा वाफा करूच नये.

पूर्ण सुकलेलं कंपोस्ट पाणी झिडकारतं. वरून ओलं दिसतं, पण बोट घातलं की खाली भुकटी. अशा वेळी एकदम भरपूर पाणी देऊन उपयोग नाही, ते कडेने वाहून जातं. अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा थोडं थोडं द्यावं.

कच्चं शेण वाफ्यावर टाकून लगेच कच्ची खायची पालेभाजी घेणं धोक्याचं आहे. शेण घातल्यापासून काढणीपर्यंत किमान चार महिने गेले पाहिजेत. आणि उलट बाजूने, दरवर्षी १०-१५ सेंटिमीटर शेणखत ओतत राहिलं तर स्फुरद (फॉस्फरस) आणि क्षार साठत जातात, पानांच्या कडा करपतात. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

कुदळ लागतेच अशा जागा

बांधकामाचा राडारोडा गाडलेली किंवा यंत्रांनी दाबून टाकलेली जमीन नुसत्या कंपोस्टने लवकर सुधारत नाही. तपासायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचा उतार मोजा. तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर खाली कठीण थर आहे. अशा ठिकाणी वाफा करण्याआधी एकदाच दाताळं फावडं पूर्ण आत घालून मागे झुकवावं, माती फक्त तडकवावी, उलटायची नाही. वाफशावर असतानाच हे करावं, ओल्या चिकणमातीत त्याने नुकसान होतं. पाणी मुळीच जिरत नसेल तर वाफा ३० सेंटिमीटर उंच भरणं जास्त सोपं.

माती फार आम्ल असेल तर चुन्याचंही असंच आहे. वर टाकलेला चुना फार हळू खाली उतरतो, म्हणून माती तपासून सामू (पीएच) फारच कमी निघाला तर सुरुवातीलाच एकदा मिसळून घ्यावा. एरवी जमीन कितपत सुधारली ते पाहायला बोटाएवढी जाड, गुळगुळीत सळई पुरते. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती एका हाताने वाफ्यात दाबायची, मग तशीच वाटेत. पहिल्या वर्षी दोन्हीकडे सारखीच अडेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाफ्यात ती कोपरभर खाली जाते आणि वाटेत वीतभरावर अडते. वाफ्यातही वीतभरावरच अडली तर कुणीतरी वाफ्यात पाय ठेवतंय किंवा कंपोस्ट कमी पडतंय. आधी पावलांचे ठसे शोधा.